व्हरांड्यातला चौथा अंक

यंदाही मोह गळायला लागला आणि माझे पाय दुखायला लागले.

डॉक्टरांना असं सांगितलं तर ते हसतील, म्हणून सांगत नाही. ब्रह्मपुरीहून शाळेला जाताना जीप गावाबाहेर पडली की एका वळणावर तो वास आत शिरतो. गोड, जड, किंचित आंबूस. जीपमधली माणसं खूश होतात. कुणीतरी म्हणतं, "औंदा फुल चांगलं पडून राह्यलं." मी खिडकीच्या दांडीला डोकं टेकते. पोटऱ्यांमध्ये काहीतरी भरून येतं. एखाद्या दाराशी फार वेळ उभं राहिलं की जसं होतं, तसं. आता माझी बदली घराजवळ झाली आहे. रोज संध्याकाळी मी माझ्या घरी जेवते. तरी चैत्र आला की पंधरा-वीस दिवस मी अशी दमलेली असते.

लोक टाळेबंदीच्या गोष्टी अजून सांगतात. लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या बैठकीत चहा येईपर्यंत. कुणी घरी जिलेबी करायला शिकलं, कुणी अख्खी मालिका दोनदा पाहिली, कुणाच्या मुलानं गच्चीवर पतंग उडवला. सांगताना त्यांचे चेहरे हलके होतात. मी ऐकते. आम्हीही एक नाटक पाहिलं होतं, असं मलाही सांगता येईल. पण ते नुसतं नाटक म्हणून सांगता येत नाही.

तेव्हा मी धानोऱ्याच्या आत, जंगलातल्या एका लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेत होते. दोन शिक्षकांची शाळा. दुसरे गुरुजी सुट्टी घेऊन गावी गेले आणि तिकडेच अडकले, मी इकडे अडकले. नवरा आणि मुलगी ब्रह्मपुरीला. शाळेमागे एका खोलीत मी भाड्यानं राहायची. पहिला आठवडा मुलांच्या वह्या तपासण्यात गेला. त्या संपल्यावर तपासलेल्याच पुन्हा तपासल्या. मग एका सकाळी तालुक्याहून निरोप आला: शाळेचे वर्ग रिकामे करा, मिरचीची माणसं येत आहेत.

मिरचीची माणसं म्हणजे आमच्याच गावची. धान घरात आलं की इकडे हाताला काम उरत नाही. मग घरटी एक-दोन माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि मोह गळायच्या सुमाराला परत येतात. त्या वर्षी गाड्या बंद होत्या. अठरा माणसं चालत आली. किती दिवस चालली, ते प्रत्येक जण वेगळं सांगत होता. बायकांच्या बोटांची सालं मिरचीनं निघालेली, पुरुषांच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. आरोग्यसेविकेनं एकेकाचा ताप मोजला आणि हातावर शिक्का मारला. चौदा दिवस शाळेत राहायचं, कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. फाटकाला कुलूप लागलं. आत-बाहेर करायची परवानगी फक्त मला आणि आरोग्यसेविकेला. किल्ली माझ्याकडे, रजिस्टर माझ्याकडे, सही माझी.

पहिले दोन दिवस ती माणसं झोपली. वर्गातल्या सतरंज्यांवर, भिंतीवरच्या बाराखडीखाली, पाठ्यपुस्तकातल्या वाघाच्या चित्राखाली. तिसऱ्या दिवशी उठली आणि करायला काहीच नव्हतं. ज्यांनी आयुष्यात कधी एक दिवस रिकामा काढला नाही, त्यांना चौदा दिवस बसायचं होतं. शाळेच्या कुंपणापलीकडेच त्यांची मोहाची झाडं होती. पहाटे फुलं गळायची आणि माणसं व्हरांड्यात उकिडवी बसून पाहायची. घरची म्हातारी माणसं, जावा, भावजया वेचायच्या. वेचताना एखादी बाई कुंपणाकडे बघून ओरडायची, "तुमच्याबी झाडाचं उचलून राह्यलो जी!" आतून कुणीतरी नुसता हात वर करायचं.

फुलचंद म्हणून एक पस्तिशीचा माणूस होता. त्याच्या मोबाइलात सात गाणी होती. शाळेत टावर मिळत नसे, त्यामुळे सात म्हणजे सातच. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सगळ्यांना पाठ झाली. मग आतून एक आवाज आला, "बंद कर बे ते. ते बाई रोज एकाच जागी रडते." फुलचंदनं मोबाइल बंद केला आणि जी शांतता पसरली ती गाण्यापेक्षा वाईट होती.

मग मी शाळेचं कपाट उघडलं. त्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला जमवलेला. दोन वर्षांपूर्वीची पत्रं. व्हरांड्याच्या पायरीवर बसून मी ती वाचायला लागले आणि सगळे अंतर राखायला आखलेल्या आपापल्या चुन्याच्या चौकोनात बसून ऐकायला लागले. कुठल्याशा गावात बिबट्या विहिरीत पडला होता. कुणाची तरी सायकल हरवली होती. सगळ्यांत जास्त मागणी राशिभविष्याला होती. दोन वर्षांपूर्वीचं भविष्य म्हणजे होऊन गेलेलं, तरी माणसं मान पुढे काढून ऐकत.

"माही वाचा ना जी," सायत्रा म्हणाली.

सायत्रा चाळिशीची. उंच, काटक, आवाज मोठा. नवरा मागंच गेलेला, मूलबाळ नाही. माहेर जंगलाच्या वाटेनं दीड तासावर. तिला रास माहीत नव्हती, म्हणून मी जी पहिली दिसली ती वाचली. "प्रवासाचे योग संभवतात."

सायत्रा आपल्या पायांकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला खोकला आला. खोकल्याबरोबर आजूबाजूचे सगळे दचकून मागं सरकले, आणि त्यावर तीच पुन्हा हसली. त्या चौदा दिवसांतलं ते पहिलं हसू. मीही हसले. कितीतरी दिवसांनी माझा आवाज मला वेगळा वाटला.

वर्तमानपत्रं पाचव्या दिवशी संपली. तेव्हा कोपऱ्यात बसलेले देवाजीभाऊ म्हणाले, "नाटक सांगू का?"

देवाजीभाऊ साठीच्या पुढचे, बारीक, कमी बोलणारे. एकटेच राहत. तोवर ते बोलल्याचं मला आठवत नाही. तरुणपणापासून ते मंडईच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नटांची नावं फलकावर लागतात, हार्मोनियमवाल्याचंही लागतं. प्रॉम्प्टर पडद्याआड बाकड्यावर वही घेऊन बसतो आणि नटाला पुढचा शब्द देतो, प्रेक्षकांना ऐकू न जाईल इतक्या आवाजात.

"तुम्हाले अख्खं नाटक पाठ हाये?" फुलचंदनं विचारलं.

"पाठ नाई केलं गा. बसून गेलं आंगात," ते म्हणाले.

आणि त्यांनी सुरुवात केली. त्यांना अभिनय येत नव्हता. एकाच पातळीवरचा, कोरडा, सावकाश आवाज. त्यात भांडण, लग्न, विनोद, मरण सगळं सारखंच ऐकू यायचं. "थोरला रागाने उठतो. थोरला म्हणतो, उद्यापासून या अंगणात भिंत." पण प्रत्येक शब्द स्पष्ट. माणसं आपोआप पुढं झुकली. आवाज इतका सपाट होता की राग ज्याला जसा हवा तसा त्यानं मनातल्या मनात भरून घ्यायचा.

नाटक साधं होतं. दोन भाऊ वेगळे होतात, अंगणात मधोमध भिंत घालतात, आई महिना याच्याकडे महिना त्याच्याकडे राहते. धाकटा एक दिवस चिडून घर सोडून जातो. पुढं काय होतं ते चौथ्या अंकात. ते नाटक आता कुणी करत नाही, त्याची वहीही कुठं उरली नाही, असं देवाजीभाऊ म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी फुलचंद मध्येच उठला आणि थोरल्याचं वाक्य रागानं म्हणाला. सगळे हसले. देवाजीभाऊंनी न थांबता पुढचा शब्द दिला. फुलचंदनं तो उचलला. मग धाकट्याचं वाक्य आलं. पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले, तोवर सायत्राच उठून म्हणाली. तिचा आवाज थेट मोहाच्या झाडांपर्यंत गेला. फुलं वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघायला लागल्या.

"बाई धाकटा भाऊ होऊन राह्यली!" कुणीतरी ओरडलं.

"पह्यले पुरुष बायका होत नव्हते का?" सायत्रानं उलट विचारलं. देवाजीभाऊंनी मान डोलावली. विषय संपला.

आईचं काम मात्र कुणी घेतलं नाही. बहुतेकांची आई कुंपणापलीकडे, गावात, दिसेल पण शिवता येणार नाही इतक्या अंतरावर होती. म्हणून वर्गातली एक खुर्ची व्हरांड्यात ठेवली, तिच्यावर चादर टाकली आणि आईची वाक्यं देवाजीभाऊ बसल्या जागेवरून म्हणू लागले.

रोज दुपारी तीनला नाटक सुरू व्हायचं. ऊन उतरेपर्यंत चालायचं. त्या दोन तासांसाठी बाकीचा दिवस सहन व्हायचा. सकाळी ताप मोजताना लोक वाक्यं घोकत असत. संध्याकाळी मी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर चढायची. आठव्या पायरीवर टावर मिळायचा. ब्रह्मपुरीला फोन लावला की माझी मुलगी आधी विचारायची, "आई, आज नाटकात काय झालं?" मी सांगायची. मागून तिचे बाबा म्हणायचे, "स्पीकरवर टाक." चौदा एप्रिलची जयंती त्याच आठवड्यात आली. दरवर्षी मी विहारात असते, पांढरी साडी नेसून, शेजारणींबरोबर. त्या वर्षी शाळेतल्या तसबिरीपुढे एकटीनं मेणबत्ती लावली. मागं वळून पाहिलं तर व्हरांड्यात अठराच्या अठरा जण हात जोडून उभे होते. दुपारी नाटक झालंच.

मी हे सगळं आठवते तेव्हा इथपर्यंत बरं वाटतं. इथं थांबता आलं असतं तर मीही पंगतीत ही गोष्ट सांगितली असती.

आठव्या दिवशी सकाळी सायत्राचा भाऊ फाटकाशी आला. फाटकापासून बराच लांब, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "सायत्रे, माय गेली वं."

ती म्हातारी आजारी होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाकीचं भावानं सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. दुपारी माती द्यायची होती. दीड तासाची वाट होती. सायत्रा फाटकाशी आली. रडत नव्हती. माझ्यासमोर, मधे दोन हातांचं अंतर ठेवून उभी राहिली.

"म्याडमजी, सोडा ना जी मले. मातीले जातो न वापस येतो. कोणाले हात बी नाई लावत. दुरून पायतो."

मी टाकीवर गेले. धावत गेले, हे मला आठवतं. तालुक्याला फोन लावला. तिकडचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही आवाजात बऱ्याच दिवसांची झोप राहिलेली होती. म्हणाले, "मॅडम, मला कळतं. पण एकाला सोडलं तर सगळ्या तालुक्यात सोडावं लागेल. आणि उद्या त्या गावात काही झालं तर रजिस्टरवर सही तुमची आहे."

मी परत आले आणि सायत्राला नाही म्हणाले. नियम सांगितला. तुझ्याच गावाच्या भल्यासाठी, असंही म्हणाले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन बाराखडीच्या भिंतीकडे तोंड करून बसली.

नंतर पुष्कळ वर्षं मी त्या सकाळीशी भांडत आले आहे. अठरा जणांपैकी कुणालाही तो आजार नव्हता, हे पुढं कळलं. त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, हेही खरं. पण मला कुलूप लावायला विसरता आलं असतं. माणूस विसरतो. मी घरी दुधावर झाकण ठेवायला विसरते, पोळीला तेल लावायला विसरते. त्या दिवशी मी काहीच विसरले नाही. किल्ली पदराला बांधली होती आणि दिवसभर पदर हातात धरून होते.

त्या दुपारी नाटक झालं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. सायत्रा सगळं करायची. ताप मोजायला हात पुढं करायची, जेवणाची थाळी घ्यायची, धुवायची. माझ्याशी बोलायची नाही. मी काही विचारलं तर मानेनं उत्तर द्यायची. चौकोन तोच, माणसं तीच, चादर टाकलेली खुर्ची तिथंच. ती उचलून आत ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दहाव्या दिवशी देवाजीभाऊंना हुडहुडी भरली. ताप चढला. चादरींवर चादरी टाकल्या तरी दात वाजत होते. सगळी माणसं आपापल्या चौकोनातून उठून पार कुंपणाला जाऊन चिकटली. परवापरवापर्यंत ज्याच्या शब्दावर बोलत होती त्याच्याकडे ती अशी बघत होती की मला त्यांचा राग आला, आणि माझे स्वतःचे पायही पुढं टाकले जात नव्हते. रुग्णवाहिका आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं उतरली. गाडीत चढताना देवाजीभाऊ थांबले, वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चौथा अंक राह्यला गा."

त्यांना गडचिरोलीला नेलं. अहवाल येईपर्यंत कुणी हलायचं नाही. जे चार दिवस उरले होते ते आता किती होतील कुणालाच सांगता येईना. पुन्हा झोप, पुन्हा भिंत. फुलचंदनं गाणं लावलं नाही. मला वाटलं, आता भीतीशिवाय यांच्याजवळ काहीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुलचंद माझ्याजवळ आला. "म्याडम, तुमच्याजवळ दवाखान्याचा फोन हाये ना? देवाजीभाऊले विचारा ना, शेवटी काय होते म्हणून."

"आता? ते आजारी आहेत."

"तुम्ही विचारा तं खरं." मग आवाज खाली करून म्हणाला, "सायत्राबाईनं सांगतलं विचारायले."

मी वही घेऊन टाकीच्या आठव्या पायरीवर बसले. दवाखान्यातल्या एका नर्सनं स्वतःचा मोबाइल देवाजीभाऊंच्या हातात दिला. आवाज फार बारीक झाला होता, पण तोच होता, सपाट.

"लिहा," ते म्हणाले. प्रकृती कशी आहे, हे मी विचारलं तर ते थेट सांगायलाच लागले. "पडदा वर. रिकामं अंगण. भिंत पडलेली. लिहलं?"

"लिहिलं."

"धाकटा येतो. थांबतो. थांबतो बी लिहा जी, थो महत्त्वाचा हाये."

एका ठिकाणी त्यांचं वाक्य मला अडखळतं वाटलं म्हणून मी एक शब्द बदलून लिहिला आणि वाचून दाखवला. ते तापातही चटकन म्हणाले, "तुमचा शब्द नोका टाकू. जे हाये थेच." त्यांच्या वाक्यांमध्ये धाप येत होती. मधेच टावर जायचा, मी एक पायरी वर चढायची. तीन फोनांत अंक पूर्ण झाला. शेवट असा होता: धाकटा घरी परत येतो, आई खुर्चीत बसलेली असते, तो तिच्या पायांशी पडून बोलतो. आई काही बोलत नाही. पडदा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. माय मेली रायते ना," ते म्हणाले.

मी तो अंक व्हरांड्यात रोज वाचून दाखवला; वाक्यं पाठ झाली, पण देवाजीभाऊंशिवाय खेळ कुणी केला नाही. दोन दिवसांनी अहवाल आला. देवाजीभाऊंना मलेरिया होता, तो दुसरा आजार नव्हता. आणखी चार दिवसांनी शाळेतल्या माणसांना सोडायची परवानगी आली. मी फाटक उघडलं. माणसं एकेक करून बाहेर पडली, फाटकातच वाकून गावच्या मातीला हात लावून पुढं गेली. सायत्रा शेवटून दुसरी. ती माझ्याकडे न बघता गेली, गावात न शिरता उजवीकडे वळली, माहेरच्या वाटेला. पाठीवर मिरचीच्या पोत्याचं गाठोडं होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत होते.

शाळा रिकामी झाली. मी सगळे वर्ग धुतले. दोन दिवस धूत होते.

मग देवाजीभाऊ परत आले. पण दवाखान्यातून आलेल्या माणसानं आणखी सात दिवस वेगळं राहायचं होतं. त्यांना पुन्हा शाळेतच ठेवलं, एकट्याला. ते व्हरांड्यात बसायचे, मी फाटकाजवळ. मलेरियानं माणूस पोकळ होतो तसे ते झाले होते. भिंतीचा आधार घेऊनच त्यांना बसता येई. मी म्हटलं, रेडिओ आणून देऊ का? नको म्हणाले. वर्तमानपत्र? नको. तिसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, हा माणूस आता बोलणार नाही.

चार वाजता कुंपणाबाहेर माणसं जमायला लागली. मोह वेचून, वाळत घालून आली होती. तोंडाला गमछे, एकमेकांत अंतर. फुलचंद पुढं होता. म्हणाला, "म्याडम, ते वही द्या न. आन खुर्ची." मी दोन्ही फाटकावरून दिली. पोरासोरांना दूर बसवलं. कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांनी खुर्ची ठेवली, चादर टाकली. सायत्रा गमछा सोडून पुढं आली. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

देवाजीभाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून सरळ झाले.

"चाळीस वर्सं नाटकात काढले," ते मला म्हणाले, "पण समोरून कधी पायलं नाई."

चौथा अंक सुरू झाला. फुलचंद थोरला होता. पडलेल्या भिंतीवर बसून त्यानं आपलं भाषण केलं, एकदा चुकला, वहीत बघून परत म्हणाला. मग धाकटा आला. सायत्रा आली, थांबली. वहीत लिहिलं होतं त्याहून जास्त वेळ थांबली. खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, तुझा अपराधी दारात उभा आहे. एकदा डोळे उघड..."

पुढचं तिला आठवेना.

फुलचंदनं वही पुढं केली. तिला वाचता येत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती मागं घेतली. तो वाचून दाखवणार तेवढ्यात सायत्रानं हातानं थांबवलं. मान वळवून ती कुंपणाच्या आत देवाजीभाऊंकडे बघायला लागली. सगळीच त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांना ते वाक्य येत होतं, त्यांनीच ते मला फोनवर सांगितलं होतं. पण त्यांनी शब्द दिला नाही.

"आज मले पाहू द्या," ते म्हणाले.

सायत्रा पुन्हा खुर्चीकडे वळली. आता तिचा आवाज लहान होता. मला फाटकाजवळून कान देऊन ऐकावा लागला.

"माय, मी आली होती वं. इथवर आली होती. फाटकापर्यंत आली होती मी. म्हणलं, दुरून पायतो. तुह्या तोंडावर कोणं पानी टाकलं मले माहीत नाई. तुहं लुगडं कोणं बदललं माहीत नाई. म्या विचारलं सगळ्याइले, कोणी सांगत नाई. मी आली होती वं माय."

ती थांबली. हे नाटकातलं नाही, हे पोरांनाही कळलं होतं. फुलचंद वही बंद करून उभा होता. मला फाटकाचा गज धरावासा वाटला आणि मी धरला.

तेव्हा व्हरांड्यातून तो सपाट, कोरडा आवाज आला.

"आली तं आली. उशीर झाला तं झाला. हात धू. भात निवून राह्यला."

माझ्या वहीत हे वाक्य नव्हतं. तिथं लिहिलं होतं, आई काही बोलत नाही. आणि नाटकात धाकटा मुलगा होता. देवाजीभाऊ म्हणाले, आली.

सायत्रा चादरीवर डोकं ठेवून रडली. इतके दिवस न रडलेली बाई खूप वेळ रडली. तिला कुणी उठवलं नाही, हात लावायची मनाई होती. दोन बायका जवळ येऊन थोड्या अंतरावर तिच्यासारख्याच खाली बसल्या, एवढंच. देवाजीभाऊ भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माणसं हळूहळू उठून घरी गेली. फुलं वाळत होती, ती गोळा करायची वेळ झाली होती.

सायत्रा सगळ्यांत शेवटी उठली. बोरिंगवर जाऊन तिनं तोंड धुतलं. मग फाटकाशी येऊन उभी राहिली, बरोबर जिथं त्या सकाळी उभी होती तिथं. मी काहीतरी बोलणार होते. माफ कर, हा शब्द तोंडाशी आला होता आणि तो फार लहान वाटत होता.

"म्याडमजी," ती म्हणाली, "थोडासा चाय मांडा ना जी. डोकं दुखून राह्यलं."

दूध नव्हतं. मी काळा चहा केला, साखर जास्त टाकली. एक कप देवाजीभाऊंना नेऊन दिला. एक फाटकाच्या खांबावर ठेवला आणि मागं सरले. तिनं तो उचलला. ती फाटकाबाहेर जमिनीवर बसली, मी आत पायरीवर बसले. आम्ही दोघी चहा प्यायलो. ती दमली होती. मीही दमले होते. चहा फार गरम होता, म्हणून बराच वेळ लागला.